शंका-समाधान : पंखा कशावर चालतो?

प्रश्न : मी सोलापुरातील एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ऊर्जास्रोतांचे प्रकार मुले घडाघडा म्हणून दाखवतात. पण घरचा पंखा कोणत्या स्रोतावर चालतो असे विचारले की सारा वर्ग एका सुरात ‘विजेवर’ म्हणतो. परवा एका मुलाने विचारले, ‘बाई, आपल्याकडे एवढे ऊन असताना फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा कशाला जाळतात?’ मला पाठ्यपुस्तकापलीकडचे काही सांगता आले नाही. हा विषय कसा मांडावा?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आपल्या वर्गाने दिलेले उत्तर चुकीचे असले तरी ते मुलांनी आपल्या मनाने दिलेले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करावी. नूतनीकरणक्षम (पुन्हा भरून निघणारे) आणि अनूतनीकरणक्षम (वापरले की संपणारे) हे दोन जोडशब्द मात्र पहिल्या दोन-तीन तासिकांत फळ्यावर येऊच देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते लिहिले की मुले यादी पाठ करू लागतात आणि विचार तेथेच थांबतो.

पहिला तास घरच्या विजेच्या मीटरवर घ्यावा. नव्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा अशा मीटरवरची एक लुकलुक ११२५ ज्यूलांची झाली. घरात ७५ वॉटचा एकच पंखा चालू असेल तर दोन लुकलुकींत १५ सेकंद जातात, आणि १००० वॉटची इस्त्री लावली की ती जवळजवळ दर सेकंदाला होते. मुलांनी घरी मीटरला हात न लावता, मोठ्यांच्या देखत हे नुसते मोजून आणावे. मग वर्गात सांगावे, की दहा लिटर पाण्याची भरलेली बादली तीन मजले चढून गच्चीवर, म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर उंच नेली, तर त्या पाण्याला जेवढी ऊर्जा मिळते तेवढी या एका लुकलुकीत खर्च होते. उन्हाळ्यात टँकरखाली रांग लावून पाणी वर वाहून नेलेल्या मुलाला ज्यूल म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

ही ऊर्जा मीटरमध्ये आली कोठून, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पंख्याकडून मागे चालत शोधायचे : गल्लीतला ट्रान्स्फॉर्मर, उपकेंद्र, जनित्र, टर्बाइन, वाफ, बॉयलर आणि शेवटी कोळसा किंवा धरणातले पाणी. या साखळीत वीज ही ऊर्जा वाहून आणणारी आहे, मूळ स्रोत नव्हे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या सोलापूर केंद्रात, म्हणजे फताटेवाडीला, प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक उष्णता वीज न होताच बाहेर जाते. कोळसा दुरून रेल्वेने येतो, पाणी उजनीचे. केंद्र शेजारी असून आपल्याकडे वीज का जाते, असा प्रश्न येथे हमखास निघेल. त्यावर सांगावे, की ही वीज थेट शहराच्या तारांत न जाता देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते. दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने; सोलापूरकर मुलांना हे कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला गणितच घालावे. पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालल्यास १३२० मेगावॉटमधून सुमारे ३ कोटी १७ लाख युनिटे मिळतात. एक किलोवॉटची सौर पॅनेले स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारेक युनिटे देतात आणि त्यांना सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जवळजवळ ८० लाख किलोवॉटची पॅनेले हवीत, आणि एवढे करूनही संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे लागतात तेव्हा, ती काहीच देत नाहीत. साठवणीची सोय वेगळी करावी लागते. दुसरा गैरसमज मोठ्यांतही आढळतो : ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. पॅनेलला उष्णता नको असते, प्रकाश हवा असतो. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे साधारण ०.४ टक्के क्षमता घटते. मे महिन्यात आपल्या गच्चीवर ते ६५ अंशांपर्यंत तापले तर सुमारे १६ टक्क्यांची तूट येते.

ऊर्जास्रोतांचा विकास शिकवताना ‘लाकूड गेले, कोळसा आला, आता सूर्य येणार’ अशी शिडी मात्र काढू नये. मागे सरपणाची चूल आणि पुढे गॅसची शेगडी, अशी घरे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. त्यापेक्षा कापड विणण्याच्या मागाचे उदाहरण घ्यावे. हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, विणकराच्या हातापायांच्या बळावर पळतो, म्हणजे तेथे स्रोत त्याने खाल्लेली भाकरी. १८७७ साली सुरू झालेल्या, सोलापुरातील ‘जुनी मिल’ या कापडगिरणीच्या काळात वाफेचे इंजिन आले. यंत्रमागाला विजेची मोटर लागली. माणूस सलग काम करताना साधारण ७५ वॉट देऊ शकतो आणि एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॉट, म्हणजे दहा माणसांचे काम एक मोटर करते. शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक मुलांच्या घरी यंत्रमागांचा हा खडखडाट दिवसभर चालू असतो. तेव्हा हा भाग त्यांनीच वर्गाला सांगावा.

ते दोन जोडशब्द आता फळ्यावर लिहावेत आणि लगेच उसाच्या चिपाडाचा पेच घालावा. साखर कारखाने चिपाड जाळूनच सहवीजनिर्मिती करतात. धूर तेथेही निघतो, मग ते नूतनीकरणक्षम कसे? चिपाडातला कार्बन उसाने गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेला असतो आणि पुढचा ऊस तो पुन्हा घेतो. आपल्या देशातल्या बहुतेक कोळशातला कार्बन मात्र २५ ते ३० कोटी वर्षे जमिनीत गाडलेला होता. अर्थात, गाळप हंगाम संपला की चिपाडही संपत येते, हेही सांगावे. ज्या मुलाने उन्हाचा प्रश्न विचारला त्याला, ओळखीच्या कोणाच्या गच्चीवर पॅनेल असल्यास, जूनपासून रोजची युनिटे वहीत उतरवून ठेवायला सांगावे.