वाचकांचे प्रश्न : झाडांआधी विजेचे बिल

लहान शहरांनी आपले कार्बन उत्सर्जन कसे घटवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण तसा विचार करणारे प्रभाग गोव्यात बरेच असावेत.

प्रश्न : आमच्या प्रभागातील सुमारे ८० कुटुंबांनी एकत्र येऊन येत्या पावसाळ्यात ४०० रोपे लावण्याचे आणि त्यानंतर रस्त्याच्या तोंडाशी ‘कार्बनमुक्त प्रभाग’ असा फलक उभारण्याचे ठरवले आहे. आणखी काय करावे?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : रोपे अवश्य लावा, फलक मात्र तूर्त रंगवायला देऊ नका. आपण किती खर्च करतो हे न पाहता बचतीचे डबे आणून ठेवावेत, तसे हे झाले आहे. आधी खर्चाची वही उघडली पाहिजे आणि ती फार अवघड नाही.

चार माणसांचे एक घर घेऊ. महिन्याला २५० युनिट वीज वापरली, तर वर्षाला ३,००० युनिट होतात. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून, देशाच्या जाळ्यातून येते आणि तिच्यात कोळशाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो, म्हणजे विजेचेच २,१०० किलो झाले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो वायू निघतो. घरातील दोन स्कूटर रोज वीस-वीस किलोमीटर फिरत असतील, तर वर्षाला ६०० किलो, आणि कार आठ हजार किलोमीटर धावत असेल, तर आणखी १,२०० किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो. वर्षाला नऊ सिलिंडर लागले, तर ३८० किलो. बेरीज सव्वाचार टनांच्या वर जाते. प्रत्येक घरी कार नसेल, म्हणून सरासरी तीन टनच धरू. तरी ८० कुटुंबांचे वर्षाला २४० टन होतात.

आता आपली ४०० रोपे. चांगले वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. जात, माती आणि वय यांप्रमाणे हा आकडा पुष्कळ बदलतो, आणि पहिली काही वर्षे तर रोप जगवणे हेच काम असते. सगळी रोपे जगली आणि मोठी झाली असे मानले, तरी वर्षाला आठ टन. २४० पैकी आठ.

उलट बाजू पाहा. आपल्याकडून पणजीला नोकरीसाठी जाणारी कार जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर धावते, म्हणजे दिवसाला सुमारे १३ किलो वायू सोडते. एकाच वेळी निघणाऱ्या चार शेजाऱ्यांनी चार गाड्यांऐवजी एक गाडी नेली, तर कामाच्या २५० दिवसांत जवळजवळ दहा टन वाचतात. चारशे झाडांचे काम चार माणसांनी केले, तेही या वर्षीच. ज्यांना कदंबच्या बसची वेळ जुळते त्यांचा प्रश्न याहूनही सोपा आहे.

दुसरी जागा छताच्या पंख्याची. आपल्या दमट हवेत पंखा वर्षातले दहा महिने तरी फिरतोच. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला १६० युनिट, म्हणजे ११० किलोंहून अधिक बचत होते. ८० घरांनी मिळून एकाच दुकानदाराकडून खरेदी केली, तर किमतीतही घासाघीस करता येते. एकत्र येण्याचा हा फायदा भाषणांपेक्षा लवकर पटतो.

इंग्लंडमधील चेशायर परगण्यात ॲश्टन हेज नावाचे सुमारे हजार वस्तीचे खेडे आहे. तेथील लोकांनी २००६ मध्ये असाच उपक्रम सुरू केला आणि चेस्टर विद्यापीठाच्या साहाय्याने घरोघरी पाहणी करून आधी मोजमाप केले. कोणाकडे बोट दाखवायचे नाही आणि पुढाऱ्यांची भाषणे ठेवायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. दहाएक वर्षांत त्यांचे उत्सर्जन सुमारे २४ टक्के उतरले. जम्मूजवळच्या पल्ली पंचायतीत २०२२ मध्ये ५०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, त्याचा गाजावाजा अधिक झाला. प्रकल्प चांगलाच आहे, परंतु तो वरून आलेला आहे; आपल्या प्रभागाला उपयोगी पडेल असा धडा मला ॲश्टन हेजमध्ये अधिक दिसतो. तेव्हा बारावीच्या चार-पाच मुलांना वही देऊन प्रत्येक घरची बारा महिन्यांची वीजबिले, सिलिंडर आणि पेट्रोलचा अंदाज लिहून घ्यायला सांगा. बेरीज सर्वांसमोर वाचावी, घरांची नावे वाचू नयेत.

झाडांविषयी एकच सुचवतो. केरळमधील वायनाड जिल्ह्यातल्या मीनांगडी पंचायतीने झाड तोडले जाऊ नये म्हणून दर झाडामागे वर्षाला ५० रुपये बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आखली. उभे झाड राखणे हे रोप लावण्याइतकेच मोलाचे आहे, आणि सत्तरीत उभी झाडे अजून पुष्कळ आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावर मार्च ते मे काजूची फेणी गाळण्याच्या भट्ट्या पेटतात. काही तरुणांचे म्हणणे आहे की धूर होतो, कार्बनही वाढतो, म्हणून त्या बंद कराव्यात. आमच्या घरची भट्टी आजोबांच्या काळापासूनची आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : लाकूड आणि कोळसा यांना एकाच मापाने मोजू नये. काजूच्या छाटलेल्या फांद्या जाळल्या, तर त्या झाडाने गेल्या काही वर्षांत हवेतून घेतलेलाच कार्बन परत जातो, आणि झाड पुन्हा फुटले की तो पुन्हा बांधला जातो. जंगलातील उभे झाड तोडून आणले असेल, तर हा हिशेब मोडतो. म्हणून प्रश्न भट्टीचा नसून लाकूड कोठून येते याचा आहे.

धुराची तक्रार मात्र खरी आहे. ओले लाकूड आणि उघडी चूल हे त्याचे मूळ. लाकूड पाऊस संपताच फोडून सुकवून ठेवावे, भाणाखालची, म्हणजे रस उकळण्याच्या भांड्याखालची, चूल तिन्ही बाजूंनी चिखलाने लिंपून हवेची वाट पुढून ठेवावी आणि धुराडे बसवावे. लाकूडही कमी लागते. लावणीवर, म्हणजे वाफ जमा होणाऱ्या मडक्यावर, सतत पाणी ओतण्याऐवजी टाकीतील नळीने वाफ थंड करणारे भट्टीवाले बरेच आहेत. चवीत फरक पडतो की नाही, या वादात मी शिरत नाही. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली फेणी कार्बनच्या नावाखाली बंद करायला निघालेल्या तरुणांनी आधी आपल्या मोटारसायकलींचे पेट्रोल मोजावे, असे त्यांना माझ्या वतीने सांगावे.

प्रश्न : घर कौलारू आहे आणि पाऊस भरपूर. सौर वीज परवडेल काय?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : परवडावी, परंतु कौलांखालची वाशा-रिपांची लाकडे आधी सुताराकडून तपासून घ्यावीत. वजन पेलण्यासारखे नसेल, तर अंगणात किंवा पडवीच्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारता येतो. एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. जून ते ऑगस्ट उत्पादन पडते, पण नेट मीटरमुळे जास्त झालेली वीज वीज खात्याच्या जाळ्यात जाऊन हिशेबात धरली जाते, त्यामुळे वर्षाचा मेळ पाहावा, महिन्याचा नव्हे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. माडाची सावली दुपारी छपरावर पडत असेल, तर संच दुसरीकडे न्यावा; त्यासाठी माड पाडू नये.

प्रश्न : जत्रेच्या रात्री नाटकासाठी जनरेटर लावतो. त्याने किती प्रदूषण होते?
— देवस्थान समितीचे एक सदस्य, पेडणे

उत्तर : मध्यम जनरेटर तासाला चारेक लिटर डिझेल पितो. सात तासांचे २८ लिटर आणि लिटरमागे २.७ किलो, म्हणजे ७५ किलो. तीच वीज तात्पुरत्या जोडणीने घेतली, तर उत्सर्जन घटते आणि आवाजही जातो; नाटकवाल्यांना ते नक्की आवडेल. जनरेटर केवळ वीज गेल्यास असावा.

तथापि, तीनशे प्रेक्षक दुचाकीवरून प्रत्येकी जाऊन-येऊन सहा किलोमीटर आले, तर त्यांचे पेट्रोल ९० किलो वायू सोडते, म्हणजे जनरेटरहून अधिक. नाटक पहाटे संपते आणि तेव्हा बस नसते, म्हणून लोक दुचाकी काढतात. समितीने आसपासच्या वाड्यांसाठी एक मिनीबस ठरवावी आणि ती पडदा पडल्यावर अर्ध्या तासाने सुटेल, हे नाटकाच्या हस्तपत्रकावरच छापावे.