‘ठकवणे’ आणि ‘फसवणे’ यांत फरक काय?

प्रश्न असा आहे: हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का, आणि ‘ठक’ हा हिंदी ‘ठग’वरून घेतला आहे का?

‘ठक’ उसना नाही. संस्कृतात ‘स्थग’ म्हणजे धूर्त, लबाड. प्राकृतात त्याचा ‘ठग’ झाला. हिंदीने तो तसाच ठेवला, मराठीत ‘ठक’ रुळला. ‘स्थग’चा संबंध ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे या धातूशी लावतात. बैठक ‘स्थगित’ होते तो शब्दही याच धातूचा. संस्कृतात त्याचा अर्थ ‘झाकलेले’. खरा हेतू झाकून ठेवतो तो ठक.

‘फसणे’ मात्र ‘फास’च्या कुळातला, म्हणजे मुळात अडकणे. त्यामुळे बेत फसतो, प्रयोग फसतो, ठकत नाही. ठकायला माणूस लागतो आणि ठकवायलाही. रंगाला भुलून आंबा घेतला आणि तो आंबट निघाला, तर आपण फसलो. विक्रेत्याने वरच्या थरात हापूस आणि खाली भलताच आंबा भरून पेटी गळ्यात मारली, तर ठकलो. ‘फसवणे’ दोन्हीकडे चालून जाते, म्हणून ‘ठकवणे’ मागे पडत चालले आहे. ते जपायला हवे.

कायद्याच्या मराठीने ते जपले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४१५ च्या गुन्ह्याला मराठीत ‘ठकवणूक’ म्हणतात. ‘चारसोबीस’ हे विशेषण आले ते त्याच प्रकरणातल्या ४२० वरून. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८.) खिशातून पैसे उचलले तर ती चोरी. खोटे भासवले आणि समोरच्याने त्यावर विसंबून आपल्या हाताने पैसे दिले, तर ठकवणूक. कपट व्यवहाराच्या आरंभापासून असावे लागते. प्रामाणिकपणे घेतलेले कर्ज पुढे फेडता आले नाही, तर ती ठकवणूक नव्हे.

लिहिताना ‘ठ’च्या जागी ‘थ’ पडला की अर्थ पार बदलतो. ‘त्याने पैसे थकवले’ म्हणजे वेळेवर दिले नाहीत, ‘थकबाकी’ त्यातलीच.

इंग्रजीत गेलेला ‘थग’ मूळचा हाच, पण वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या टोळ्यांमुळे तिथे तो दांडगाईचा शब्द झाला. मराठी ठकाचे हत्यार अजूनही डोकेच आहे: ‘ठकास महाठक’ भेटतो तो अधिक चतुर म्हणून, अधिक बलदंड म्हणून नव्हे.