हातून झालं ते डॉक्टरांना खरं सांगा

या खेपेच्या पत्रांत औषधांची चौकशी कमी आणि मनाची टोचणी जास्त आहे. आपल्याच हातून मुक्या जनावराला इजा झाली की माणूस दोन गोष्टी करतो. स्वतःला बोल लावतो आणि झालेलं लपवतो. स्वतःला बोल लावल्यानं जनावराचं काही बिघडत नाही, लपवल्यानं मात्र बिघडतं. पहिलं पत्र नेमकं त्यातलंच.

कुत्र्याच्या अंगावर गोचीड फार झाले होते. कपाशीवर फवारायचं औषध घरात शिल्लक होतं. बादलीत झाकणभर टाकून त्याला आंघोळ घातली. तासाभरात तोंडाला फेस आला, पाय थरथरायला लागले. डॉक्टरांना म्हटलं, 'शेतात काहीतरी खाल्लं असेल.' कुत्रा वाचला, पण त्या खोट्याची लाज वाटते. आता सांगून काय उपयोग? (चोपडा तालुका)

उपयोग आहे, आजही आहे. कारण खाली येईलच.

'काहीतरी खाल्लं' म्हटलं की डॉक्टरांचं लक्ष पोटाकडे जातं. विष मात्र कातडीवर होतं. ते कातडीतून मुरत होतं, वर कुत्रा अंग चाटून पोटातही घेत होता. अशा वेळी सलाईनच्याही आधी अंग धुवायचं असतं. तुमच्या एका वाक्यामुळे तेच राहून गेलं असणार.

दुसरं म्हणजे बाटलीवरचं तांत्रिक नाव. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही एका गटातली. त्यांनी लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लघवी-संडास आपोआप होते. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालतं. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन हा दुसरा गट. त्यात थरथर आणि झटके जास्त. तिथे अ‍ॅट्रोपिनवर भागत नाही, झटके थांबवणारी औषधं लागतात. बाहेरून दोन्हींत फेस आणि थरथर सारखीच दिसू शकते. म्हणून बाटली पिशवीत घालून सोबत न्या, किंवा लेबलचा फोटो आधी पाठवा. लेबलवरच्या चौकोनाचा रंगही सांगा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

घरी काय करायचं? हातात रबरी मोजे, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. भांडी घासायचं लिक्विड लावून वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धुवा, पुसा, पुन्हा एकदा धुवा. कानामागे, बगलेत आणि पंजांच्या बोटांमध्ये औषध साचून राहतं. मग जुन्या चादरीत गुंडाळून निघा, म्हणजे चाटणार नाही. दूध, तूप, ताक पाजू नका. त्यानं विष उतरत नाही, आणि थरथरणाऱ्या जनावराला पाजलेलं फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. औषध पहिल्या गटातलं असेल, तर त्या औषधानं शरीरातलं जे द्रव्य निकामी होतं ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात त्याच गटातलं थोडं औषध पुन्हा लागलं, तरी पहिल्याहून वाईट होऊ शकतं. तुमचे डॉक्टर पुढच्या महिन्यात गोचिडांवर काय लिहून देतात, हे त्यांना खरं माहीत असण्यावर अवलंबून आहे. फोन करून एवढंच सांगा: काय लावलं, किती लावलं, कधी लावलं. फवारणीच्या दिवसांत अशी जनावरं त्यांच्याकडे येतच असतात, ते दचकणार नाहीत.

गोचिडांसाठी कुत्र्याचं वजन करून त्या मापाचं फिप्रोनिलचं मानेवर टाकायचं औषध घ्या. 'त्यात आहे तेच यात आहे' असं कृषी केंद्राच्या काउंटरवर कोणी सांगितलं, तरी पिकाच्या औषधातलं द्रावक आणि प्रमाण जनावरासाठी केलेलं नसतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रीन असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळही नको, मांजरीला तेवढ्यानंही झटके येतात. काही सुचलं नाही तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी असलं, तरी जवळचा दवाखाना विचारायला फोन करायला हरकत नाही.

शेतात भरीत पार्टी होती. आमच्या लॅब्राडोरला कौतुकानं भरीत-भाकरी खाऊ घातली. नंतर कळलं की कांदा कुत्र्याला विष असतो. दोन रात्री झोप नाही. (यावल)

आपल्या भरितात कांद्याची पात सढळ हातानं पडते, लसूण असतो, त्यामुळे काळजी रास्त आहे. पण हिशोब करू या. कुत्र्याच्या रक्तात बिघाड दिसायला साधारणपणे किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो. ३० किलोच्या लॅब्राडोरला ४५० ग्रॅमच्या पुढे. दोन घास भरितात पात फार तर ३०-४० ग्रॅम असेल. लसूण कांद्याहून जहाल खरा, पण तेवढ्या भरितात दोन-चार पाकळ्यांच्या वर तोही नसतो. तुमच्या कुत्र्याला तिखट-तेलानं एखादा दिवस पातळ संडास झाली असती, इतकंच.

लक्ष मात्र पाच दिवस ठेवा, कारण कांद्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन ते पाच दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडणं, लघवी चहाच्या रंगाची होणं, चार पावलांत धाप लागणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. भाजल्या-शिजवल्यानं कांद्याचा दोष जात नाही. आणि मांजरीचं गणित वेगळं आहे, तिला किलोमागे पाच ग्रॅमही पुरतात. भाकरी द्या, भरीत तुम्ही खा.

नखं कापताना एक खोलवर कापलं गेलं, रक्त थांबेना. कुत्री केकाटली ती अजून कानात आहे. आता नेलकटर बघितला की पलंगाखाली जाते. (धुळे)

नखात जिथपर्यंत शीर असते तिथपर्यंत कापलं गेलं. दुखतं खूप, अपाय जवळजवळ नाही. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं धरा. मध्ये उचलून बघायचं नाही, तिथेच सगळे चुकतात. वीस मिनिटांतही थांबलं नाही तर दवाखाना. त्या दिवशी चिखलात सोडू नका.

काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून एका वेळी एक-दोन मिलिमीटरच कापा आणि कापलेल्या जागी पाहा. मध्ये काळसर ओलसर ठिपका दिसला की थांबा. नेलकटर आठवडाभर नुसता जमिनीवर ठेवा, शेजारी खाऊ. मग रोज एकच नख. अठरा नखांना अठरा दिवस लागले म्हणून काही बिघडत नाही.

मे महिन्यात लग्नाला गेलो होतो. कुत्रा पत्र्याच्या शेडमध्ये बांधून गेलो. परतलो तर आडवा पडलेला, जीभ बाहेर. घाबरून बर्फाचं पाणी ओतलं. वाचला. पण शेजारी म्हणतात बर्फानंच मेला असता. दोन्हींचं वाईट वाटतं. (भुसावळ)

शेडचं वाईट वाटू द्या, बर्फाचं नको. बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त असतं, आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापेवरच थंड होतो. हवाच अंगाहून गरम असली की धापही निकामी.

बर्फानं शिरा आकसतात म्हणून तो नको, हा जुना सल्ला आहे आणि अजून सगळीकडे ऐकू येतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचे तज्ज्ञ आता 'आधी थंड करा, मग गाडीत घाला' असं सांगतात. तरण्याताठ्या कुत्र्याला गार पाण्यात बसवणंही चालतं. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर साधं पाणी आणि समोर वारा. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं. विहिरीचं, माठाचं घ्या आणि कूलरच्या झोतात ठेवा. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, तो थोड्या वेळानं गोधडीचं काम करतो. थर्मामीटर गुदद्वारात लावा. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर पुढे ते फार खाली जातं.

वाचला म्हणून मोकळं होऊ नका. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. पोटावर जांभळे ठिपके, संडासात रक्त, लघवी कमी दिसली तर तातडीनं न्या. आणि डॉक्टरांना 'थोडा वेळ बांधला होता' म्हणू नका. किती तास, ते सांगा.

मांजरीला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. संध्याकाळी तोंड सुजलं, सकाळी गेली. सासूबाई म्हणतात, मांजर हातून मेलं, आता काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागेल. मला त्याचं काही नाही, पण मीच मारलं हे मनातून जात नाही. (जळगाव)

ताई, 'तुमचा काही संबंध नाही' असं आम्ही लिहिलं तर तुम्हीच ते मानणार नाही. गोळीनंच गेली. मांजरीच्या यकृतात हे औषध मोडून बाहेर टाकायची यंत्रणा फार दुबळी असते. अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम, तीन किलोच्या मांजरीला किलोमागे ८० च्या वर. किलोमागे ५० सुद्धा जिवावर बेततं, कधी त्याहून कमीही. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या काही तासांत दिला तर चांगला लागू पडतो.

पण ही सगळी माहिती तुम्हाला आज आहे. ज्या दुपारी तुम्ही गोळी मोडलीत, त्या दुपारी तुमच्यासमोर होतं ते एवढंच: अंग गरम आहे, आणि याच गोळीनं घरातल्या लेकराचा ताप उतरतो. आजच्या माहितीनं त्या दुपारचा न्याय करायला बसलात तर निकाल दर वेळी तुमच्या विरुद्धच जाणार. जबाबदारी तुमची होती, वाईट हेतू नव्हता. ही दोन वाक्यं एकत्र म्हणता आली पाहिजेत. नुसतं पहिलं म्हटलं तर माणूस स्वतःला फाडून खातो, आणि नुसतं दुसरं म्हटलं तर मनाला पटत नाही.

सासूबाईंच्या सोन्याच्या मांजरामागेही हेच आहे. हातून झालेल्याचं काहीतरी फेडावं, असं माणसाला वाटतं. सोनं राहू द्या. ज्या गल्लीत मांजरं पाळतात त्या चार घरी सांगून या की पॅरासिटामॉल मांजरीला देऊ नका, आयबुप्रोफेनही नको. नवीन पिल्लू लगेच आणू नका. टोचणी बुजवायला आणलेल्या पिल्लाला माणूस भीत-भीत वाढवतो. तिची वाटी उचलायची घाई नाही, पण उचलाल तेव्हा स्वतः उचला. महिन्याभरानंही झोप येत नसेल किंवा जेवण जात नसेल, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नसेल तर महिन्याची वाट पाहू नका, लगेच करा. आणि 'मांजरीसाठी कोणी फोन करतं का' असं मनात आणू नका.

ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना मागं झोपलेल्या मोत्याच्या पायावरून चाक गेलं. दीड महिना प्लास्टर होतं, आता चालतो. पण आते तो मन्हाकडे देखस बी नही. मी मुद्दाम केलं असं वाटत असेल का त्याला? (शहादा)

जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ५१ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. काचेच्या पडद्याच्या फटीतून खाऊ द्यायचा. कधी माणूस मुद्दाम हात मागे घ्यायचा, कधी खाऊ 'चुकून' हातातून पडायचा. खाऊ दोन्ही वेळा मिळत नव्हता. पण चुकून पडला तेव्हा कुत्रे पडद्याला वळसा घालून लवकर आले, मुद्दाम मागे घेतला तेव्हा रेंगाळले. यावरून मोत्यानं तुम्हाला माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण चूक आणि मुद्दाम यातला काही फरक कुत्र्याला कळतो, एवढं म्हणायला जागा आहे.

तो तुमच्याकडे बघत नाही याची साधी कारणं आधी तपासा. पाय अजून दुखतो का? मांडीपासून पंजापर्यंत बोटांनी हलकं दाबत जा. जिथे कान मागे घेतो किंवा ओठ चाटतो, ती जागा डॉक्टरांना दाखवा. दुसरं, तुमच्या अंगाला डिझेलचा वास असतो. तुम्ही आणि ट्रॅक्टर त्याच्या डोक्यात एकच झाले असतील.

मागे लागून कुरवाळू नका. संध्याकाळी कपडे बदलून ओट्यावर त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून बसा, भाकरीचा तुकडा हातभर अंतरावर टाका आणि गप्प बसा. जवळ आला तर हात डोक्यावरून नको, हनुवटीखालून न्या. तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा पुढे झाला तरच पुन्हा. लाड म्हणून दूध-बिस्किटांचा मारा नको, वजन वाढलं तर जुळलेल्या हाडावरच भार येतो.

ट्रॅक्टरची भीती वेगळी काढावी लागते. बंद ट्रॅक्टरपासून वीस पावलांवर त्याचं जेवण ठेवा. तीन दिवस निवांत खाल्लं तर दोन पावलं जवळ. मग पुन्हा वीस पावलांवर जाऊन, दुसऱ्या कोणाला तरी मशीन चालू करायला सांगा. खाणं सोडून मान वर केली की अंतर फार कमी झालं, मागे जा. महिना-दीड महिना धरून चाला.

आणि सावलीसाठी कुत्रं चाकाशी झोपणारच, उन्हाळ्यात अंगणात तेवढीच सावली असते. त्याला दुसरीकडे सावली करून द्या, निंबाखाली ओलं पोतं टाकलं तरी चालेल. सीटवर चढण्याआधी एक फेरी मारून चारही चाकांमागे वाकून बघा. मशीन चालू केल्यावर गिअर टाकायच्या आधी दहापर्यंत मोजा. ज्या कुत्र्याचा पाय एकदा मोडलाय, त्याला उठायला तेवढा वेळ लागतो.