रेड मेपल लावू की शुगर मेपल? वाचकांचे बागेचे प्रश्न

प्रश्न (वाचक, अमळनेर): नमस्कार ताई. मुलानं न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलंय, मागच्या अंगाला बरीच मोकळी जागा आहे आणि पुढं रस्त्याला लागून गवताचा पट्टा. सूनबाई म्हणते मेपल लावू, ते पानं लाल होणारं. नर्सरीवाला विचारतो रेड मेपल देऊ का शुगर मेपल, भाव जवळपास सारखाच. ती दोघं नोकरीत अडकलेली म्हणून झाडाचं काम माझ्याकडं आलंय, आम्ही नवराबायको ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी जातोय. मी जन्मभर केळी न् कापूस केला, झाड लावायची भीती नाही पण हे झाड माहीत नाही. तिथली माती चिकट आहे, पाऊस झाला की मागं दोन-दोन दिवस पाणी साचून राहतं असं मुलगा सांगतो. कोणतं लावू, कसं लावू, आणि शुगर मेपल लावलं तर घरच्या घरी पाक निघेल का?

उत्तर: काका, दोन दिवस पाणी साचतं हे तुम्ही लिहिलं ना, तिथंच निम्मा निकाल लागला. रेड मेपल लावा. दोन्ही झाडं उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची, पण स्वभाव वेगळा. रेड मेपल वर कॅनडापासून खाली पार फ्लोरिडापर्यंत आपोआप उगवतं, दलदलीच्या कडेला पण आणि कोरड्या टेकाडावर पण, म्हणून तुमच्यासारख्या चिकट जमिनीत ते निभावून नेतं. शुगर मेपलला खोल, भुसभुशीत, ओल धरणारी पण पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, मुळाशी पाणी थांबलं किंवा माती दाबली गेली की ते हळूहळू शेंड्याकडून वाळायला लागतं.

मग तुम्ही म्हणाल मागं रेड लावतो आणि पुढं रस्त्याकडं शुगर लावतो, तर तेही नको. तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर कडेच्या मातीत उतरतं, आणि शुगर मेपलला मीठ अजिबात सोसत नाही. त्यात डांबराची उष्णता, उन्हाळ्यात पाऊस लांबला की पानांच्या कडा करपतात. म्हणजे तुमच्या घराला मागून पाण्याची अडचण आणि पुढून मिठाची. रंगाच्या बाबतीत मला स्वतःला शुगर मेपलच जास्त आवडतं, त्याचं केशरी-सोनेरी पान एकाच झाडावर तीन छटांचं दिसतं, पण जागा नसेल तर झाडाचे हाल कशाला करायचे.

पाकाचं सांगते. शुगर मेपलच्या रसात साधारण 2 टक्केच साखर असते, म्हणून 1 लिटर पाकासाठी जवळजवळ 40 लिटर रस आटवावा लागतो. रस निघतो तो हिवाळा संपताना, रात्री गोठण आणि दिवसा ऊब अशा दिवसांत, आणि खोडाला भोक पाडायचं तर खोड निदान 10-12 इंच जाड पाहिजे, त्याला तीस-चाळीस वर्षं सहज जातात. रेड मेपलचाही पाक होतो बरं का, फक्त साखर अजून कमी. तेव्हा पाकासाठी म्हणून झाड निवडू नका, बाटली दुकानात मिळते.

आता रेड मेपल घेताना काळजी अशी की बियांपासूनचं रोप असेल तर शरदात पान लालच होईल याची खात्री नाही, काही झाडं नुसती पिवळी होतात. सूनबाईंना लालच हवंय तर ‘ऑक्टोबर ग्लोरी’ किंवा ‘रेड सनसेट’ अशी नावाची जात मागा. ‘ऑटम ब्लेझ’ पण दाखवतील, ते रेड आणि सिल्व्हर मेपलचा संकर आहे, भराभर वाढतं, पण फांद्या वादळात फाटतात, लहानपणी छाटणी करून एकच मुख्य शेंडा ठेवायची तयारी असेल तरच घ्या. आणि उन्हाळाभर जांभळट पान असलेलं ‘क्रिमसन किंग’ कुणी रेड मेपल म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते युरोपातलं नॉर्वे मेपल, अमेरिकेतल्या जंगलात माजून बसलंय. ओळखायचं सोपं आहे, पानाचा देठ मोडून बघा, दुधासारखा चीक आला तर नॉर्वे, पाण्यासारखा रस असेल तर नाही. रेड आणि शुगर वेगळं करायचं तर पानाची कड बघा, रेडच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आणि खालची बाजू पांढुरकी, शुगरची कड टोकाटोकांच्या मधे गुळगुळीत. तुम्ही ऑक्टोबरात पोचताय म्हणजे पानं झाडावर असतील, नर्सरीत हातात घेऊन बघता येईल.

पण लावू नका लगेच. रेड मेपल, विशेषतः मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधलेलं, वसंतात लावलेलं चांगलं धरतं. हिवाळ्यात एवढं करा, मागच्या अंगणात पाणी नेमकं कुठं थांबतं ते बघून ठेवा, आणि मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण लॅबला द्या, एडिसनपासून लांब नाही. रेड मेपलला आम्लधर्मी माती मानवते, चुनखडी जास्त असेल तर मँगेनीज मिळत नाही आणि पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मार्च-एप्रिलमध्ये खड्डा घ्या, त्याच्या आधी मुलाला 811 नंबरला फोन करायला सांगा, ते येऊन जमिनीखालच्या गॅसच्या, विजेच्या लाइनवर खुणा करून जातात, पैसे लागत नाहीत. घरापासून आणि ड्राइव्हवेपासून 20 फूट तरी सोडा, झाड 40 ते 60 फूट जातं, मुळं वरवर पसरतात आणि फरशी उचलतात.

लावण्यात आपली खानदेशी सवय आड येते तेवढं सांगते. आपण केळीला भर देतो, खोडाला माती चढवतो, केळीला ते मानवतं. मेपलला तसं केलं तर साल कुजते आणि मुळं वर येऊन खोडालाच वेढा घालतात, झाड चांगलं दहा-पंधरा वर्षांचं होऊन मग खंगायला लागतं आणि कुणाला कारण कळत नाही. म्हणून खोड जिथं खाली रुंद होऊन मुळांकडं पसरतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. नर्सरीतून येतानाच बऱ्याचदा तो मातीखाली गाडलेला असतो, बोटानं माती खरवडून बघा, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या पण खोल गोळ्याइतकाच, तुमच्याकडं चिकट माती म्हणून गोळा जमिनीच्या दोनेक इंच वरच राहू द्या. खड्ड्याच्या भिंती फावड्यानं गुळगुळीत झाल्या असतील तर टिकावानं खरवडा. गोळा खड्ड्यात बसला की सुतळी, वरची तार न् गोणपाट कापून काढा. कुंडीतलं रोप असेल तर गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा. खड्ड्यात शेणखत भरायचं नाही, निघालेलीच माती परत टाका, नाहीतर चिकट मातीत त्या मऊ खड्ड्याचं भांडं होतं आणि पाणी तिथंच साचतं. वर लाकडाचा भुसा-साल दोन-तीन इंच, खोडापासून वीतभर लांब. तिकडं लोक खोडाभोवती सालीचा ढीग रचतात, शेजाऱ्याचं बघून तसं करू नका.

पाण्याचं मुलाला नीट समजावून या कारण तुम्ही एप्रिलात परत येणार आणि खरी गरज जून-जुलैला. पहिले दोन उन्हाळे आठ दिवस पाऊस नसला की सावकाश, खोल पाणी, तुम्ही अमळनेरचे, ठिबकची नळी जोडून द्या म्हणजे काम झालं. पहिल्या वर्षी रासायनिक खत नको. पुढच्या शरदात खोडाला जाळी लावायला सांगा, हरणं शिंगं घासून साल सोलतात. आणि तुम्ही तिथं असताना अंगणात जी झाडं आहेत त्यांची खोडं बघा, करड्या वाळलेल्या चिखलाच्या लेपासारखा डाग दिसला तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाच्या किडीची अंडी असतात. 2014 मध्ये ती शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात सापडली, आता न्यू जर्सीतही आहे, मेपलचा रस शोषते. जुन्या प्लॅस्टिक कार्डानं तो लेप खरवडून हँड सॅनिटायझरमध्ये बुडवा, अंडी मरतात.

प्रश्न (वाचक, धुळे): ताई, माझी बहीण व्हरमाँटला असते, घर डोंगरउतारावर, रस्ता लांब, माती काळी न् भुसभुशीत. तिनं कोणतं लावावं?

उत्तर: शुगर मेपल, दुसरा विचार करू नका. व्हरमाँटचं ते राज्यवृक्ष आहे, थंडी भरपूर, उताराने पाणी निघून जातं. फक्त वाढ सावकाश असते हे तिला आधी सांगा, आणि वाढीच्या घाईनं खत टाकत बसू नका म्हणावं. लावायची पद्धत वर दिली तीच.

प्रश्न (वाचक, शहादा): नात अमेरिकेहून येताना मेपलच्या बिया आणणार म्हणते. आपल्याकडं मळ्यात येईल का?

उत्तर: आजी, तिला आणू देऊ नका. एकतर परवान्याशिवाय आणि रोगमुक्त असल्याच्या सर्टिफिकेटशिवाय बी आणता येत नाही, 2003 चा प्लांट क्वारंटाइनचा आदेश आहे, आणि तो बरोबरच आहे, नवीन कीड एकदा आली की आपल्याच वावरात बसते. दुसरं म्हणजे या दोन्ही मेपलना हिवाळ्यात लांब थंडी लागते तेव्हा ती झोपतात न् पुन्हा फुटतात, शुगर मेपलचं बी तर महिना-दोन महिने गारठ्यात राहिल्याशिवाय उगवतच नाही. आपल्याकडं हिवाळा तेवढा नाही आणि मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, पान तिथंच करपेल.

लाल पानांचीच हौस असेल तर आपल्या सातपुड्यातलं कोशिंब लावा, मार्चच्या सुमारास त्याची नवी पालवी इतकी लालभडक येते की लांबून फुलंच वाटतात. झाड मोठं होतं म्हणून मळ्याच्या बांधावर, विहिरीपासून दूर लावा. दारात जागा थोडी असेल तर देशी बदाम, त्याची पानं गळायच्या आधी लाल होतात, पण केर भरपूर पडतो. कोशिंबाचं बी पावसाळ्याच्या तोंडाला पिकतं, वरचा आंबट गर काढून ताजंच पिशवीत लावा, वाळवून ठेवलं तर उगवण कमी होते. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून काटेरी कुंपण करा.