वजन जास्त आहे, गुडघे दुखतात, महागडा क्लास परवडत नाही, मग वेलनेस आपल्यासाठी नाहीच का?

ताई, आहे. तुमच्यासाठीच आहे.

तुम्ही लिहिलंय की वय ४८, गुडघे दुखतात आणि योगा क्लासला गेलात तर तिथे सगळ्या बारीक मुली, भारीतले कपडे, आणि वर टीचर म्हणाल्या की आधी थोडं वजन कमी करून या. हे वाचून मला खरंच राग आला. बरं वाटलं की मग दवाखान्यात या असं कोणी सांगतं का?

माझी कंबर दुखते, मी खुर्ची घेऊनच आसनं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या पुण्यातच योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी हे सगळं करून दाखवलंय. १९३७ ला ते पुण्यात आले, लहानपणी टीबी, मलेरिया, टायफॉइड सगळं भोगलेलं, शरीर अगदी किरकोळ. त्यांनी विटा, पट्टे, लोड, भिंतीतले दोर, साधी घडीची खुर्ची हे सगळं आसनांत आणलं म्हणजे म्हाताऱ्या, आजारी, कडक झालेल्या माणसालाही तेच आसन त्याच्या परीने करता यावं. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. म्हणजे वाकता येत नसेल तर जमिनीला हात लागलेच पाहिजेत असं काही नाही, ओट्यावर हात टेकवून पाठ लांब करायची, ते अर्ध उत्तानासनच आहे. खुर्चीवर आडवं बसून खुर्चीच्या पाठीला धरून वळायचं, ते भारद्वाजासन. हे सगळं गाऊनवर किंवा साडीवर, घरच्या सतरंजीवर होतं.

नवीन क्लास बघाल तेव्हा फी विचारायच्या आधी एवढंच विचारा की माझ्या गुडघ्यासाठी तुम्ही यात काय बदल करून द्याल. उत्तर नाही आलं तर तिथे पैसे भरू नका, अगदी एसी हॉल असला तरी.

चालण्याचं म्हणाल तर रोज १०,००० पावलं हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमधे विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आलाय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि २०२० पासून त्यांनी सलग दहा मिनिटं तरी हवीत ही अट पण काढून टाकलीये, त्यामुळे भाजी आणायला झपझप गेलात तरी ते धरायचं. गुडघे फारच दुखत असतील तर बसून करायचे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, सरकारी हॉस्पिटलात त्याची ओपीडी असते.

खाण्याचं थोडक्यात, किन्वा वगैरे महागडं परदेशी धान्य काही लागत नाही, नाचणी ज्वारी आहेच.

आणि एक, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की सकाळी साडेपाचला उठून तुम्ही सगळ्यांचे डबे करता आणि स्वतःसाठी वीस मिनिटं पण मिळत नाहीत. घरच्यांना स्पष्ट सांगा ना की आठवड्यातून तीन दिवस सकाळचा चहा आणि एक डबा त्यांनी बघायचा. बायकांच्या तब्येतीच्या गप्पांमधे कपडे, डाएट, मशीन सगळं येतं पण घरातलं काम वाटून घ्यायचं कोणी बोलत नाही.

गुडघ्याचा एक्सरे झालाय का आणि जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना ते कमेंटमधे लिहा, बीपी असेल तर ते पण, म्हणजे खुर्चीवरचं कुठलं आधी सुरू करायचं आणि कुठलं टाळायचं ते मी माझ्या योगाच्या बाईंना विचारून सांगते.