लोकरीच्या जत्रेला पहिल्यांदा जाताना

विणकामाची लोकर विकणाऱ्यांच्या जत्रेला पहिल्यांदाच जाते आहेस, हे तू लिहिलेलं वाचून फार आनंद झाला! एक गोष्ट पक्की कर: आधी नमुना, म्हणजे काय विणायचं ते ठरव, मग लोकर. रंग आवडला म्हणून एकच लडी (लोकरीचा सैल वेढा) उचलणं, ही आपल्या सगळ्यांची पहिली चूक. १०० ग्रॅम बारीक लोकरीत साधारण ४०० मीटर धागा असतो. त्यात मोज्यांचा एक जोड होतो, स्वेटर नाही. म्हणून किती मीटर लागणार ते लिहून ने. नुसत्या वजनावर विसंबू नकोस, जाड लोकर तेवढ्याच ग्रॅममध्ये कितीतरी कमी मीटर भरते.

- हाताने रंगवलेल्या दोन लड्या तंतोतंत सारख्या नसतात. लागेल तेवढी लोकर एकदमच, एकाच लॉटमधली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घे.
- तळहाताला सगळंच मऊ लागतं. विचारून मानेला लावून बघ. टोचली तर मफलरसाठी नको.
- लडीवरून थेट विणू नकोस. आधी गुंडा कर, नाहीतर भयंकर गुंता होतो.

पहिली फेरी नुसती बघण्याची. कुणी चरख्यावर लोकर कातत असेल तर तिथे मात्र खुशाल रेंगाळ, प्रश्न विचार. मी सगळ्यात जास्त तिथेच शिकले.