आधी पाय मोजा, रंग नंतर

चार पायांचं फुलपाखरू दिसलं म्हणून गोंधळलात, ही खरं तर चांगली सुरुवात आहे. ही निंफॅलिडी या कुळातली फुलपाखरं; त्यांचेही पाय सहाच असतात. पुढची जोडी आखूड, केसाळ, कुंचल्यासारखी असते आणि छातीशी दुमडलेली राहते. म्हणून मराठीत या कुळाला 'कुंचलपाद' म्हणतात. हे पाय चालायला निरुपयोगी, पण माद्या त्यांनी पानावर टकटक करून चव घेतात आणि अंडी घालायला योग्य झाड ओळखतात. मला आजही ते पाहायला फार आवडतं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- रंगावरून कुळ ठरवणं. या कुळात सुमारे ६००० जाती आहेत. भडक, मळकट, पानासारख्या, सगळ्या.
- फक्त वरून फोटो काढणं. पंखांची खालची बाजू आणि बाजूने पाय, हे दोन फोटो हवेतच.
- जुन्या पुस्तकातलं नाव बघून अडखळणं. डॅनाइडी, सॅटिरिडी ही पूर्वी वेगळी कुळं मानत. आता ती याच कुळातली उपकुळं आहेत, डॅनाइनी आणि सॅटिरिनी. शेवटी 'इडी' म्हणजे कुळ, 'इनी' म्हणजे उपकुळ. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

निंफॅलिडी हे या कुळाचं शास्त्रीय नाव. ते १८१५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ राफिनेस्क यांनी दिलं, निंफॅलिस या प्रजातीवरून (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). बाकी उपकुळांची यादी आत्ताच पाठ करू नका! महिनाभर नुसते पाय बघा, वही ठेवा. पंखांतल्या शिरांचं बोलू नंतर.